ताउनोला होडी बांधता येत नाही

हाउकिनिएमी, १८ ऑक्टोबर १९९२

प्रिय राइली,

तुझं पार्सल पोचलं. लोकरी मोजे मला वाटलं माझ्यासाठी आहेत, केर्तूला वाटलं तिच्यासाठी. सध्या आळीपाळीने घालतो. पुढच्या वेळी नाव लिहीत जा, नाहीतर तुझ्या मोज्यांपायी आमचा पंचवीस वर्षांचा संसार मोडेल.

प्लायवूडचा कारखाना बंद झाला. स्वीडनमध्ये बसून तू फिनलंडचे पेपर आमच्याआधी वाचतेस, म्हणून मी कळवायची घाई केली नाही. रशिया प्लायवूड घ्यायचा तोवर आम्ही ओंडके सोलत होतो. आता रशियाच राहिला नाही म्हणतात, मग सोलायचं कोणासाठी? सव्वीस वर्षं मी त्या यंत्रावर उभा होतो, ओंडक्याचा पातळ पापुद्रा काढत. शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला. पाव कालचा होता.

गावात सध्या सगळ्यात मोठा मान आहे जन्मसालाला. ज्याची पंचावन्न उलटली त्याला पेन्शन सुरू होईपर्यंत भत्ता मिळत राहतो. आम्ही त्याला नळी म्हणतो. या तोंडाने आत शिरायचं, त्या तोंडाने म्हातारं होऊन बाहेर पडायचं, मध्ये कोणी काही विचारत नाही. शेजारचा सुलो नळीत बसला. हा तोच सुलो, जो नाचाच्या हॉलमध्ये बायकांना स्वतःचं वय सात वर्षं कमी सांगायचा. परवा दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "मी छप्पन्न पूर्ण केलीत बरं का." मी एकोणपन्नास. नोकरीला म्हातारा, नळीला पोरगा.

दर पंधरवड्याला रोजगार कचेरीत जाऊन बसतो. खिडकीमागे मार्केत्ता असते, आपल्या पोस्टमनची मुलगी. संगणकाची कळ दाबते, पडद्याकडे बघते आणि म्हणते, "ताउनो, अख्ख्या जिल्ह्यात एकच जागा आहे, दाताचा डॉक्टर हवाय." मी म्हटलं पक्कड आहे माझ्याकडे. ती हसली नाही. दिवसभर सगळेच हे विनोद करत असणार.

काळजी करू नकोस. केर्तूचं शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम चालू आहे, अर्ध्या दिवसाचं का होईना.

तुझा,
ताउनो


एस्किल्स्तुना, ६ डिसेंबर १९९२

प्रिय ताउनो,

आज आपला स्वातंत्र्यदिन, म्हणून खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्यात. समोरची स्वीडिश म्हातारी दरवर्षी विचारते, लाईट गेलेत का? दरवर्षी मी हो म्हणते. समजावत कोण बसणार.

"इकडे निघून ये" असं तेवीस वर्षं लिहीत आले. या वेळी लिहीत नाही. आमच्या कुलुपांच्या कारखान्यातही कुजबुज सुरू झाली आहे आणि कुजबुज सुरू झाली की पहिल्यांदा फिनिश लोकांकडे बघतात.

पण एक ऐक. तुझ्या पत्रातले विनोद मी ओळखते. बाबा गेले तेव्हाही तू असेच विनोद करत होतास. तू घरात बसून आहेस, बरोबर? खिडकीतून तळ्याकडे बघत. केर्तू कामावर जाताना तू खुर्चीत आणि परत येतानाही तू खुर्चीत. असंच चाललं तर वर्षभरात तू त्या खुर्चीसारखा होशील, पाय हलणारा आणि कुरकुरणारा.

बाबांची किनाऱ्यावरची पडवी अजून उभी आहे ना? मग होडी बांध. दहा वर्षांचा असताना तू त्यांच्यासोबत फळ्या वाकवत होतास, मला नुसतं डांबराचं भांडं धरून उभं करायचात. बाबा सगळ्यांना सांगायचे, हात आले ते ताउनोला, तोंड आलं ते राइलीला. माझं तोंड मी वापरलं. तू हात वापर.

विकायची म्हणून नाही. बांधायची म्हणून बांध.

तुझी,
राइली


हाउकिनिएमी, २८ मार्च १९९३

प्रिय राइली,

बांधतोय.

पहिल्यांदा नुसता बघायला म्हणून पडवीत गेलो. बाबांची अवजारं सुलोच्या आजोळच्या लोकांनी ढापली असं आपण समजत होतो, ती तिथेच होती, पोत्यात, तेल लावून ठेवलेली. मग जंगलातून एक स्प्रूसचं झाड पाडून आणलं. होडीच्या कण्यासाठी मुळाकडचं वाकडं लाकूड लागतं, ते शोधायला आठवडा गेला. फळी गरम पाण्याने भिजवत भिजवत वाकवायची असते, घाई केली की तडकते, जास्त थांबलं की ताठ होते. हे मला येतं हे मला माहीत नव्हतं, राइली. डोक्याला आठवत नव्हतं, हातांना आठवत होतं. परवा संध्याकाळी पाठ इतकी दुखली की साउनाच्या वाफेत जाऊन आडवा झालो आणि मला फार बरं वाटलं. कामाने दुखलेली पाठ मी विसरूनच गेलो होतो.

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. आधी सुलो आला, "नळीत फार ओल आहे" म्हणाला. मग कारखान्याच्या गोंद विभागातला ऑस्सी, मग त्याचा मेहुणा. आता कारखान्याची पहिली पाळी सुरू व्हायची त्या वेळेला पडवीत दहा-अकरा जण जमतात. साखरेचे खडे आपापल्या खिशात आणतात, कारण माझ्याकडे कॉफी आहे पण साखर घालून घालून केर्तू वैतागली. कोणी फळी धरतं, कोणी नुसतं उभं राहून चुका काढतं. पाळी सुटायच्या वेळेला सगळे उठून घरी जातात. कोणी तसं ठरवलेलं नाही.

कचेरीत मार्केत्ताने विचारलं, "दिवसभर काय करता?" मी म्हटलं, "मासे धरतो." ती म्हणाली, "छान. मासे धरायला काही हरकत नाही." सगळ्या गावाला माहीत आहे, तिलाही आहे, तिचा बापच पडवीत येऊन कॉफी पितो. पण बोलायचं नाही एवढं आम्हा दोघांना कळतं.

फोटो पाठवतोय. उजवीकडचा वाकडा मी, डावीकडची सरळ ती होडी.

तुझा,
ताउनो


एस्किल्स्तुना, १६ मे १९९३

प्रिय ताउनो,

फोटो बघून मी स्वयंपाकघरात रडले आणि मग शेजारणींना दाखवत फिरले. इथल्या फिनिश क्लबातल्या बायकांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा भाऊ, होड्या बांधतो. म्हणताना मला कसं वाटलं तुला कळणार नाही. गेले सहा-सात महिने कोणी विचारलं की मी विषय बदलायचे.

आता ऑगस्टमध्ये तुझी पन्नाशी. पेपरात छापून द्यायचंय ना? केर्तूला सांग, कॉफीचे कप आत्तापासून गोळा कर. बाबांच्या पन्नाशीला अख्खं गाव आलं होतं, माणसं जिन्यावर बसून केक खात होती.

राइली


हाउकिनिएमी, २० जून १९९३

प्रिय राइली,

पन्नाशी छापायची नाही. केर्तूशीही बोलणं झालंय.

कारण तुला कळेल. पेपरात नुसतं नाव छापत नाहीत, आधी व्यवसाय लागतो. पन्नास वर्षांचे झाले, मास्तर अमुक. पन्नास वर्षांचे झाले, शेतकरी तमुक. माझ्या नावाआधी काय लिहू? 'बेकार' लिहिलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. 'यंत्रचालक' लिहावं तर यंत्रच एस्तोनियाला विकलं. ऑस्सीने मार्चमध्ये पन्नाशीला कोणी भेटायला येऊ नये म्हणून 'प्रवासात' असं छापलं आणि दिवसभर पडदे ओढून घरात बसला. त्याच्या दारात बूट दिसत होते. मी तेवढंही करणार नाही.

होडीला पहिलं डांबर लावलं. तरंगते आहे.

ताउनो


एस्किल्स्तुना, २४ ऑगस्ट १९९३

प्रिय ताउनो,

पेपर बघितलास ना? आता मला शिव्या घाल, पण आधी सांग, किती माणसं आली?

मी जिल्ह्याच्या पेपरला इथून पैसे आणि फोटो पाठवला होता, जूनमध्येच, तुझं पत्र यायच्या आधी. पत्र वाचून थोडी घाबरले, मग म्हटलं बरंच झालं. 'पन्नास वर्षांचे झाले, होडी बांधणारे ताउनो लेहमुस्वुओरी, हाउकिनिएमी.' मला कात्रण आलंय, ते मी आरशाच्या कोपऱ्यात खोचलंय. बाबा असते तर त्यांनी चौकट करून लावलं असतं. आणि खोटं एक अक्षर नाही त्यात.

राइली


हाउकिनिएमी, १२ सप्टेंबर १९९३

प्रिय राइली,

पुष्कळ माणसं आली. कप कमी पडले, लोकांनी वाट्यांतून कॉफी प्यायली. मार्केत्ता तिच्या वडिलांसोबत केक घेऊन आली होती. मास्तरांनी भाषण केलं.

तू माझ्यासाठी केलंस ते मला कळतं. आभारी आहे.

इकडे थंडी लवकर पडतेय.

ताउनो


एस्किल्स्तुना, ९ जानेवारी १९९४

प्रिय ताउनो,

नाताळचं कार्ड मिळालं. त्यावर फक्त सह्या होत्या. शाई संपली होती का?

बरं, कामाचं बोलते. क्लबातल्या दोघांना होड्या हव्यात. एक जण निवृत्त आहे, उन्हाळ्यात तिकडेच येऊन राहतो. दुसरी म्हणजे आमची हिलेवी, तिला वडिलांच्या जुन्या होडीसारखी हुबेहूब हवी. दोघं रोख देतील. शिवाय माझी एक. मला नको आहे, मला कुठे वल्ही मारायचीत, पण माझ्या भावाने बांधलेली म्हणून ती पाहिजे. म्हणजे तीन झाल्या. वसंतापर्यंत होतील ना?

राइली


हाउकिनिएमी, ६ फेब्रुवारी १९९४

प्रिय राइली,

होड्यांचं जमणार नाही. लाकूड ओलं आहे. शिवाय माझी पाठ धरते.

लोकांना नाही म्हणून कळव.

ताउनो


एस्किल्स्तुना, १० एप्रिल १९९४

ताउनो,

दोन महिने राग गिळून बसले होते, आता लिहिते.

लाकूड ओलं आहे म्हणे. तुमच्या जंगलात कोरडं लाकूड उगवतं का? हिलेवीसमोर मी तोंडावर आपटले. तिने विचारलं, "तुझा भाऊ होड्या बांधतो म्हणालीस ना?" मी काय उत्तर देणार होते?

आम्ही इथे आलो तेव्हा कोणी आमच्यासाठी पायघड्या घातल्या नव्हत्या. भाषा येत नव्हती, कुलुपांच्या धारेने बोटं कापायची, तरी उठून जात होतो. तुला घरबसल्या काम चालून आलं आणि तू पाठ दाखवतोस. इथले लोक आपल्याबद्दल जे बोलतात ना, की भत्ता मिळाला की यांचे हात गळतात, ते ऐकून मी आजवर भांडत आले. आता काय तोंडाने भांडू?

तुझ्यात काहीतरी मोडलंय असं मला वाटायचं. पण आता वाटतं तुला सवय लागलीय.

राइली


हाउकिनिएमी, १९ जून १९९४

राइली,

मी केर्तू लिहितेय. ताउनोला माहीत नाही. तुझं एप्रिलचं पत्र त्याने वाचलं, घडी घातली, आणि मग दोन दिवस जेवायला बसला नाही. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, पण आधी प्रकरण मिटू दे म्हटलं. आता मिटलंय.

पन्नाशीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरीतून पत्र आलं. ताउनो होड्या बांधण्याचा धंदा करतो असं दिसतं, सबब त्याला बेकार म्हणता येईल का याची चौकशी होईपर्यंत भत्ता बंद. मार्केत्ता घरी येऊन रडली. म्हणाली, "मला सहा महिने माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं, छापून येणं वेगळं. साहेबांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे तुमच्याच यादीतले ना?" दहा दिवसांपूर्वी ती आमच्याकडे केक खाऊन गेली होती.

भत्त्याचा निर्णय करणारी एक समिती असते, ताउनोने तिला लिहून दिलं की एकच होडी बांधली, ती विकली नाही. त्यांनी उत्तर दिलं की पन्नाशीच्या मजकुरात माणूस आपला व्यवसाय स्वतःच सांगतो, तो खोटा कसा धरायचा? ताउनोला म्हणता आलं असतं की माझ्या बहिणीने छापलं. मी त्याला सांगितलं, सांग. तो म्हणाला, "मग ते राइलीला पत्र पाठवतील, आणि तिला कळेल." एवढ्यावर त्याने विषय संपवला. त्याचा मला तेव्हा इतका राग आला की मी साउना तापवलीच नाही त्या शनिवारी.

सबंध हिवाळा माझ्या अर्ध्या पगारावर गेला. गाडी विकली. मदतीसाठी नगरपालिकेत जायला तो तयार होईना. तेवढ्यात तुझ्या तीन होड्या आल्या. तूच सांग, काय बांधणार होता तो?

मग सुलोने तोडगा काढला. म्हणाला, ताउनोला होडी बांधता येत नाही असं आपणच लिहून देऊ. पडवीतली सगळी माणसं आमच्या स्वयंपाकघरात जमली. आधी हसत होती. ऑस्सी म्हणाला, "लिहा, त्याला डावं-उजवं कळत नाही." दुसरा म्हणाला, "लिहा, होडी बघून बदकं घाबरतात." पण समितीला विनोद चालत नाहीत, खरे दोष लागतात, आणि खरा दोष कोणाला सुचेना. शेवटी ताउनोच सांगू लागला. फळ्यांचे सांधे एकसारखे नाहीत. पुढचं लाकूड चुकीचं निवडलंय. खिळे मारायचा अंदाज नाही. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि सुलो लिहीत होता. मी ओट्याशी उभी होते. राइली, तो इतकं नेमकं सांगत होता की मध्येच मला वाटलं, खरंच असेल. मला वाटतं त्यालाही वाटलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या आणि कॉफी न घेता निघून गेले.

समितीला तेवढ्याने पटलं नाही. बर्फ वितळल्यावर होडी बघायला येतो म्हणाले. ज्या दिवशी येणार होते त्या सकाळी ताउनो एकटाच पडवीत गेला. फळ्यांमधली डांबरात बुडवलेली लोकर त्याने एका बाजूची सगळी उपसून काढली. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं थांबवावं, आणि मला हेही वाटलं की महिनाअखेर जवळ आलीय.

समितीचे एक गृहस्थ आले, वयस्कर, सभ्य, बुटांवर चिखल उडू नये म्हणून जपून चालणारे. सोबत मार्केत्ता. ताउनोने होडी पाण्यात ढकलली आणि आत जाऊन बसला. किनाऱ्यापासून थोडी गेली आणि भरली. तो तसाच बसून होता. पाणी मांड्यांपर्यंत आलं तरी उठेना. मार्केत्ता पाठ फिरवून उभी राहिली. मग तो चालत किनाऱ्यावर आला, तेव्हा त्या गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं मनापासून ठेवला. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हातात कला सगळ्यांच्याच नसते."

ताउनो म्हणाला, "खरंय."

भत्ता परत सुरू झाला. मागचाही बराचसा मिळाला. आता त्याच्या कागदांवर आहे : दीर्घकाळ बेकार, विशेष कौशल्य नाही.

होडी तिथेच उथळ पाण्यात पडलीय. ओढून काढ म्हटलं तर उठून बाहेर जातो. पडवीत आता कोणी येत नाही. येऊन काय करणार? ती माणसं रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघतात, जणू त्यांनीच त्याचं काही चोरलंय.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. राग आहे. जाईल हळूहळू. त्याला सवय लागली असं मात्र परत लिहू नकोस.

केर्तू


एस्किल्स्तुना, ३ जुलै १९९४

केर्तू, ताउनो,

पत्र दोघांनाही लिहितेय, केर्तूने मला माफ करावं. लपवून ठेवायची ताकद माझ्यात नाही.

ताउनो, मी समितीला लिहिते. मजकूर मी पाठवला, तुला विचारलं नव्हतं, सगळं लिहून देते. हवं तर तिथे येऊन सांगते. मला आता वेळच वेळ आहे. मेमध्ये आमचा विभाग बंद केला. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुझ्यावर रागावले होते, आणि रागावलेल्या माणसाला स्वतःचं दुःख सांगायला लाज वाटते. परवा इथल्या कचेरीत मुलीने विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या, ताउनो. जिला बाबांनी तोंड दिलं तिच्या.

एप्रिलचं पत्र जाळून टाक.

काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन, आणि या वेळी फक्त तेवढंच.

राइली


हाउकिनिएमी, २८ मे १९९५

प्रिय राइली,

उत्तराला जवळजवळ वर्ष लागलं. तू मध्ये पाठवलेली कार्डं मिळत होती. वाचत होतो.

समितीला काही लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस. लिहू नकोस. तू लिहिलंस तर प्रकरण पुन्हा उघडेल, आणि आता त्यात माझा एकट्याचा कागद नाही, सगळ्यांच्या सह्या आहेत.

तुझ्या कामाचं कळलं तेव्हा केर्तू म्हणाली, राइलीला बोलाव. तू ये. इथे करण्यासारखं काही नाही, पण ते दोघांनी मिळून करता येईल. मी कचेरीत जातो, कार्यशाळांना पाठवतात तिथे जातो. मागच्या महिन्यात आम्हाला अर्ज कसा लिहावा ते शिकवलं. शिकवणारा मुलगा चांगला होता. म्हणाला, प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या पाच गोष्टी लिहा. ऑस्सी शेजारी होता. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो, मग जेवायची सुट्टी झाली.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. परवा दुपारी एक माणूस आला. समुद्राकडच्या गावातून, बऱ्याच लांबून, गाडीने. तिथे जुन्या लाकडी होड्यांचं संग्रहालय उभं राहतंय आणि त्यांना बांधणारा हवाय. मोडक्या दुरुस्त करायच्या, नव्या बांधायच्या, तरुणांना शिकवायचं. कायमची नोकरी, राहायला घर. असे लोक आता मिळत नाहीत म्हणाला. आमच्या तळ्याकाठी बंगला असलेल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं की हाउकिनिएमीत एक जण आहे.

दारात यायच्या आधी तो किनाऱ्यावर गेला होता. पाण्यात पडलेल्या होडीकडे वाकून बघत बराच वेळ उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मला म्हणाला, "ती होडी कोणी बांधली? एवढा सुंदर कणा मी वीस वर्षांत पाहिला नाही. आणि मजा म्हणजे ती बुडाली नाहीये, कोणीतरी मुद्दाम लोकर काढलीय. ज्याने काढली त्याला काय म्हणावं?"

मी पायरीवर उभा होतो. केर्तू कपडे वाळत घालत होती, तिने चादर हातात तशीच धरून ठेवली.

मी बांधली असं म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मी मनात मांडून बघितलं. समितीसमोर बुडाली तीच ही होडी. मग मी फसवलं, भत्ता फेडायचा, आणि सुलो, ऑस्सी, सगळ्यांनी खोट्यावर सह्या केल्या. सुलोची नळी अजून संपलेली नाही. मार्केत्ताची नोकरी आहे. हे सगळं खरं आहे आणि केर्तूला मी हेच कारण सांगितलं.

पण तुला खोटं सांगणार नाही. हे सगळं मी नंतर मांडलं. त्याने विचारलं त्या क्षणी माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं. मी आधी माझ्या हातांकडे बघितलं आणि मला वाटलं, हा कोणा दुसऱ्याबद्दल विचारतोय.

मी म्हटलं, "ती इथल्याच एका म्हाताऱ्याची आहे. तो गेला."

तो म्हणाला, "आणि ताउनो लेहमुस्वुओरी म्हणजे?"

"मीच. पण मला होडी बांधता येत नाही. तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय."

त्याने माफी मागितली. कॉफीला थांबा म्हटलं तर थांबला नाही, लांब जायचं होतं. गाडी वळणाआड गेल्यावर केर्तूने चादर वाळत घातली, तिचे कोपरे नीट ओढले आणि घरात गेली. त्यानंतर आम्ही यावर बोललेलो नाही.

तो माणूस पुन्हा चौकशी करेल असं मला वाटतं. फिनिश क्लबातही विचारेल, तिकडचे पुष्कळ लोक उन्हाळ्यात इथे येतात. तुला कोणी विचारलं तर तूही हेच सांग.

तुझा,
ताउनो